लेकीच्या वहीतला दोर

नमस्कार ताई,

माझी मुलगी जुई (नाव बदललंय) नववीत आहे. माझा भाऊ न्यू जर्सीला असतो. दिवाळीत आला तेव्हा तिच्यासाठी तीन ग्राफिक नॉव्हेल घेऊन आला. म्हटलं चित्रांची पुस्तकं आहेत, इंग्रजी तरी सुधारेल. नंतर उघडून बघते तर तिन्ही खुनांची. एक लिझी बॉर्डन नावाच्या बाईचं, एक जॅक द रिपरचं, एक लिंकनच्या खुनाचं. जुईने तिन्हींची पारायणं केली आणि आता ती स्वतःच काढायला बसली आहे. तिच्या आजोबांनी पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाच्या वेळच्या आठवणी सांगितल्या, तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच. परवा तिची चित्रकलेची वही उघडली तर पानभर एका बाईचा गळा आणि त्याभोवती आवळलेला नायलॉनचा दोर. माझे हातपाय गार पडले. दोराचा पीळसुद्धा काढलाय हो तिने. सासूबाई म्हणतात पोरीच्या डोक्यात काहीतरी शिरलंय, ती पुस्तकं माळ्यावर टाका. वर्गशिक्षिकेने बोलावून घरी काही प्रॉब्लेम आहे का म्हणून विचारलं. ह्यांचं म्हणणं, वय आहे, जाईल. मी काय करू? पुस्तकं काढून घेऊ? भावाला झापू?

— एक आई, डोंबिवली

नमस्कार,

भावाला झापू नका. त्याने न बघता आणली असतील तर त्याचं नशीब चांगलं, आणि बघून आणली असतील तर त्याला पुस्तकांची जाण आहे. मी पुण्याच्या एका शाळेच्या ग्रंथालयात अठ्ठावीस वर्षं काढली. मामाने परदेशातून आणलेल्या पुस्तकांचे नमुने मी पुष्कळ बघितलेत. त्या मानाने तुमच्या घरी आलेली तीन पुस्तकं फार सभ्य आहेत.

आधी काळजीचं बोलून घेऊ, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. जुई जेवते का, झोपते का, मैत्रिणींचे फोन येतात का, घरात चिडचिड वाढलीय का, एवढं बघा. वहीतल्या चेहऱ्यात वर्गातली एखादी खरी मुलगी ओळखू यायला लागली, किंवा स्वतःला इजा करून घेण्याबद्दल कुठे काही लिहिलेलं दिसलं, तर माझं उत्तर बाजूला ठेवून सरळ समुपदेशकाकडे जा. तुमच्या पत्रात तसं काहीच दिसत नाही. पत्रात दिसते ती एक मुलगी, जिला दोराचा पीळ काढता येतो. तो काढायला फार कठीण असतो, बरं का.

सासूबाईंचं म्हणणं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांना एकदा दुपारच्या चहाला विचारा, श्रावणात चिलया बाळाची गोष्ट कोणी सांगितली होती तुम्हाला? माझ्या आजीने ती मला मी सात वर्षांची असताना सांगितली. अतिथी म्हणून आलेला शंकर पोटच्या पोराचं मांस मागतो, चांगुणा चिलयाला मारते, त्याचं मस्तक उखळात घालून कांडते आणि कांडताना डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही अशी अट. आजी स्वतः मात्र सांगताना रडायची, पदराने डोळे पुसायची आणि आम्ही पोरं तिच्या मांडीला चिकटून ‘पुढे? पुढे?’ म्हणत बसायचो. आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात काही शिरलं नाही. सासूबाईंनाही ती गोष्ट येत असणार. जुईला सांगायला लावा त्यांना. दोघींची गट्टी जमली तर माळ्याचा विषय आपोआप मागे पडेल.

चित्रांतल्या खुनांनी पोरं बिघडतात ही भीती तशी जुनी आहे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला ‘खऱ्या गुन्ह्यांच्या गोष्टी’ म्हणून कॉमिक्सचा धंदा तेजीत आला होता. त्यातली बरीचशी खरोखर भडक होती. 1954 साली फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने पुस्तक लिहिलं की बालगुन्हेगारीचं मूळ या कॉमिक्समध्ये आहे. सिनेटच्या उपसमितीसमोर सुनावण्या झाल्या. एका प्रकाशकापुढे त्याच्याच मासिकाचं मुखपृष्ठ धरलं गेलं. त्यावर एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचं तोडलेलं मस्तक. हे सुरुचीला धरून आहे का, असा प्रश्न. तो म्हणाला, भयकथेच्या मासिकासाठी हो. मस्तक जरा उंच धरून रक्त ठिबकताना दाखवलं असतं तर वाईट झालं असतं. लोक खवळले. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःहून नियमावली घालून घेतली आणि गुन्ह्यांची कॉमिक्स जवळजवळ संपली. पुढे वर्थमची कागदपत्रं अभ्यासकांना खुली झाली, तेव्हा कॅरोल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापिकेने ती तपासली आणि 2012 मध्ये दाखवून दिलं की या गृहस्थाने मुलांच्या मुलाखतींत सोयीप्रमाणे फेरफार केले होते. हे आमच्या बिरादरीतल्या बाईने शोधून काढलं याचा मला अजून आनंद होतो.

आता तुमच्या घरातल्या पुस्तकांकडे येऊ. तुम्ही सांगितलेल्या तीन विषयांवरून ती रिक गिअरीची असावीत. हा अमेरिकन चित्रकार 1987 पासून एकोणिसाव्या शतकातल्या गाजलेल्या खुनांवर अशी पुस्तकं करत आला आणि नंतर विसाव्या शतकातल्या खुनांवरही. रंग नाही. काळ्या शाईच्या बारीक बारीक रेघा, जुन्या लाकडी ठशातल्या चित्रांसारख्या. निवेदन थंड, जवळजवळ सरकारी. आणि नकाशे! गावाचा नकाशा, घराचा नकाशा, कोण किती वाजता कुठल्या दारातून गेलं याचे बाण. एका रात्री जुई झोपल्यावर बॉर्डनचं पुस्तक घेऊन बसा. अर्ध्या तासाचं काम आहे. तुम्हाला धक्का बसेल तो रक्ताचा नसेल. तुम्ही स्वतःच बोटाने त्या घराचे दरवाजे मोजायला लागाल.

ते प्रकरण थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मॅसॅच्युसेट्समधलं फॉल रिव्हर हे गिरण्यांचं गाव. 4 ऑगस्ट 1892, गुरुवार. अँड्र्यू बॉर्डन हा पैसेवाला, कवडीचुंबक म्हातारा आणि त्याची दुसरी बायको अ‍ॅबी यांचा राहत्या घरात दिवसाढवळ्या छोट्या कुऱ्हाडीने खून झाला. घरात त्या वेळी दोघीच होत्या, धाकटी मुलगी लिझी आणि मोलकरीण ब्रिजेट. ब्रिजेट खिडक्या पुसून दमून वर जाऊन पडली होती. लिझी म्हणाली, मी मागच्या कोठारात गेले होते. मजेची गोष्ट अशी की त्या घराला बोळच नव्हता. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, दुसरीतून तिसरीत. आपल्या चाळीत शेजारच्या बिऱ्हाडात कोण शिंकलं ते कळतं तसलं घर. आणि अ‍ॅबी मेली ती नवऱ्याच्या तास-दीड तास आधी. म्हणजे मारणारा एवढा वेळ त्या घरात लपून होता, किंवा त्याला लपायची गरजच नव्हती.

खुनानंतरच्या रविवारी लिझीने आपला एक पोशाख चुलीत जाळला. रंगाचे डाग पडले होते म्हणाली. पुढच्या वर्षी खटला चालला, बारा पुरुषांच्या ज्यूरीने दीडेक तासात निर्णय दिला आणि 20 जून 1893 रोजी लिझी निर्दोष सुटली. दुसऱ्या कोणावर कधी खटला झाला नाही. ती त्याच गावात 1927 पर्यंत जगली.

आणि तरी तिकडच्या पोरांना दोरीवरच्या उड्यांचं गाणं तोंडपाठ आहे की लिझीने आईला चाळीस घाव घातले आणि वडिलांना एक्केचाळीस. खरे घाव त्याच्या निम्मेही नव्हते. ती आईसुद्धा सावत्र. पण गाणं जिंकलं, निकाल हरला.

इथे माझा मुद्दा आहे, आणि तो तुम्हाला जुईशी बोलताना उपयोगी पडेल. लिहिणाऱ्याला ‘बहुधा’ लिहिता येतं. ‘असं म्हणतात’, ‘पोलिसांचा कयास होता’, ‘पुरावा नाही’, असं वाक्याला शेपूट लावता येतं. चित्राला शेपूट नसतं. जिन्यावर कुऱ्हाड घेऊन चढणारी बाई काढलीत की ती चढली. खाली बारीक अक्षरात कितीही ‘कदाचित’ लिहा, डोळ्यांनी ते आधीच बघून टाकलेलं असतं. म्हणून अशा पुस्तकांत मला रक्तापेक्षा जास्त धास्ती वाटते ती खात्रीची. चौदा वर्षांच्या मुलांना खात्री फार आवडते. (मोठ्यांनाही आवडते, पण मोठ्यांचं आता काय करणार!)

गिअरी हे कसं सांभाळतो ते जुईला शोधायला लावा. कुऱ्हाडीचा घाव पडतो त्या क्षणी मारणाऱ्याचा चेहरा दिसतो का? नसेल, तर का नसेल? हा हात कोणाचा असू शकतो? नकाशे एवढे का दिलेत? हे प्रश्न तिला परीक्षा घेतल्यासारखे विचारू नका. तुम्ही स्वतः पुस्तक वाचलंत, तुम्हाला लिझीच दोषी वाटते, असं बेधडक सांगा. मग बघा ती तुमच्यावर कशी तुटून पडते. मुलं आईला खोटं पाडायला कितीही पानं परत वाचतात.

दुसरं, रिपरचं. तुम्हाला त्यातली रक्ताची पानं त्रास देतील. 1888 सालच्या शरदात लंडनच्या व्हाइटचॅपल भागात पाच बायका मारल्या गेल्या, मारणारा सापडला नाही, आणि जग आजवर त्याच्याच टोपणनावाने ओळखतं. जुईला त्या पाचजणींची नावं विचारा. मेरी अ‍ॅन निकोल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज, मेरी जेन केली. पुस्तक तीनदा वाचलेल्या मुलीला किती आठवतात बघा. नाही आठवली तर रागवायचं नाही, मलाही ती पाठ करावी लागली होती.

यातल्या कॅथरीन एडोजचं मी तुम्हाला थोडं जास्त सांगते. 29 सप्टेंबरच्या संध्याकाळी ती दारू पिऊन रस्त्यात पडली म्हणून पोलिसांनी तिला चौकीत आणून झोपवलं. रात्री एकच्या सुमाराला शुद्धीवर आली म्हणून सोडून दिलं. पाऊण तासाने ती माइटर स्क्वेअरमध्ये मेलेली सापडली. तिच्या अंगावर आणि खिशांत जे जे होतं त्याची यादी चौकशीच्या कागदांत आहे. चहाची एक छोटी डबी. साखरेची एक. एक कंगवा. मोडक्या चष्म्याचा तुकडा. पांढऱ्या चिंध्या, नीट तुकडे केलेल्या. मोहरीच्या पुडीची रिकामी डबी आणि तिच्यात सावकाराकडे गहाण टाकलेल्या वस्तूंच्या दोन पावत्या. एक लाल हातमोजा. जोडी नव्हे, एकच.

बाईला घर नव्हतं. जे होतं ते सगळं तिने अंगावर बांधून घेतलं होतं. मी एकदा आमच्या आठवी-नववीच्या मुलांना ही यादी फळ्यावर लिहून दिली आणि ही बाई कोण असेल ते काढा म्हणाले. कोणाचीही बाई मेलेली नव्हती. एकाने तिला स्टेशनच्या जिन्याखाली बसवलं होतं, चहाची डबी उघडून आत बघताना. आता चहा किती उरलाय ते ती बघतेय, असं तो म्हणाला.

जुईला तिच्या दोराच्या पानाबद्दल काही बोलू नका. त्याऐवजी ही यादी तिच्या टेबलावर ठेवा. दोराचा पीळ काढणारा हात लाल हातमोज्याच्या लोकरीचे टाके काढू शकेल.

आता जोशी-अभ्यंकर. इथे मात्र मी तुमच्या बाजूची आहे, थोड्या वेगळ्या कारणासाठी.

त्या वर्षी मी दहावीला होते, पेठेत राहायचो. 1976 च्या जानेवारीत सुरू झालेलं ते सत्र 1977 च्या मार्चपर्यंत चाललं, दहा माणसं गेली. आणीबाणीचे दिवस. छापलेल्या बातमीवर लोकांचा विश्वास कमी आणि ऐकीव गोष्टींवर जास्त. दिवेलागणीला वाड्याचा दिंडी दरवाजा लावून घ्यायचे आणि वडील आतून आडणा घालायचे, तो लाकडाचा आवाज मला अजून ऐकू येतो. कोणी दार वाजवलं तर आई आधी खिडकीतून खाली बघायची, मगच ‘कोण?’ म्हणायची. शिकवणी सहाला सुटायची तर पाचला सोडायला लागले. आणि नंतर कळलं की हे करणारे चौघे आमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी पोरं होती, एका कला महाविद्यालयात शिकणारी. चित्रं काढणारी. त्यांना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्याला फाशी झाली. तोवर मी नोकरीला लागले होते.

जुईला हे प्रकरण का ओढतं ते मला कळतं. गाव ओळखीचं, आजोबांच्या तोंडून ऐकलेलं, आणि मारणारे चित्रकलेचे विद्यार्थी. पण गेलेल्यांची मुलं, भाचरं, नातवंडं आज आपल्यात आहेत. त्यातलं कोणी तुमच्याच लोकलच्या डब्यात असेल. जुईच्या पानावरचा तो गळा कोणाच्या तरी आजीचा आहे. ती आजी मेली तेव्हा स्वयंपाकघरात काय शिजत होतं, हे माहीत असलेली माणसं अजून आहेत. आणि त्यांना कोणी विचारलेलं नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या फॉल रिव्हरला हा प्रश्न येत नाही. गिअरीने पहिली काही वर्षं एकोणिसाव्या शतकाबाहेर पाऊल टाकलं नाही, त्यातला शहाणपणा मला दिसतो तो हा.

हे तिला असंच सांगा. ‘घाण आहे, काढू नकोस’ असं म्हणालात तर ती वही लपवेल. ‘हे चित्र त्या घरातल्या माणसाच्या हातात देता येईल का तुला?’ एवढंच विचारून गप्प बसा. आजोबांनाही विश्वासात घ्या. त्यांच्याकडे खुनाच्या गोष्टीपेक्षा मोलाची गोष्ट आहे, ती भीतीची. दार कसं लावायचे, कोण कोणाच्या सोबतीला झोपायला जायचं, अफवा कुठून यायच्या. जुईने ते काढावं. त्यात एकही प्रेत नाही, आणि ज्याने सांगितलं तो समोर बसला आहे. चुकलं तर लगेच दुरुस्त करायला.

आणि तिला खूनच काढायचा असेल (असणारच), तर मुंबईतलं बावला प्रकरण द्या. त्याला आता शंभर वर्षं होऊन गेली.

12 जानेवारी 1925 ची संध्याकाळ, मलबार हिल. अब्दुल कादर बावला हा तरुण, गडगंज व्यापारी मोटारीतून फिरायला निघालेला, सोबत मुमताज बेगम. ही पूर्वी इंदूरच्या तुकोजीराव होळकर महाराजांच्या दरबारी होती आणि तिथून सुटून आली होती. दुसऱ्या एका मोटारीने त्यांना अडवलं, माणसं उतरली, मुमताजला ओढून न्यायचा प्रयत्न झाला. बावला आडवा आला, त्याला गोळ्या घातल्या. मुमताजच्या चेहऱ्यावर सुऱ्याचे वार झाले. नेमके त्याच वेळी काही ब्रिटिश लष्करी अधिकारी गोल्फ खेळून परतत होते. एक जण हातातली गोल्फची काठी घेऊनच हल्लेखोरांवर धावला. स्वतः जखमी झाला, पण मुमताज वाचली आणि हल्लेखोर हाती लागला. चित्रकाराला ही काठी म्हणजे फुकटचं दान आहे.

मुंबई हायकोर्टात खटला चालला. आरोपींची नाळ इंदूर दरबाराशी जुळलेली निघाली. एका आरोपीच्या बचावाला बॅरिस्टर जीना उभे होते. तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. मुमताजने कोर्टात उभं राहून साक्ष दिली. त्या काळात, चेहऱ्यावर वार झालेल्या बाईने. महाराजांवर खटला असा कधी झालाच नाही. सरकारने चौकशीला सामोरं जा किंवा गादी सोडा असा पेच टाकला आणि 1926 च्या फेब्रुवारीत त्यांनी मुलासाठी गादी सोडली.

आता जुईसमोर पेच टाका. ती महाराजांना हुकूम देताना काढणार का? सगळ्या मुंबईला तेव्हा खात्री होती. वर्तमानपत्रांना होती. खून जानेवारीत झाला आणि त्याच वर्षी त्यावर बेतलेला मूकपटसुद्धा पडद्यावर आला, इतकी घाई. पण कोर्टात ते सिद्ध झालं नाही, होऊ दिलं गेलं नाही असंही कोणी म्हणेल. मग त्या चौकटीत काय काढायचं?

मी आमच्या मुलांना एक युक्ती शिकवायचे, ती देते. कोर्टापुढे पक्कं झालं ते शाईने काढायचं. कोणीतरी एकाने सांगितलं, दुसऱ्याने नाकारलं, ते नुसत्या पेन्सिलने. कोणालाच माहीत नाही, ती चौकट कोरी सोडायची, रेघ मात्र आखायची. मलबार हिलचा रस्ता, गोल्फची काठी, मुमताजची साक्ष, सगळं शाईने येईल. इंदूरच्या राजवाड्यातली खोली कोरी राहील. सुरुवातीला मुलांना कोरी चौकट म्हणजे फसवणूक वाटते. नंतर ती त्यांची आवडती चौकट होते, वाचणारा तिथेच सगळ्यात जास्त वेळ थांबतो म्हणून.

आणखी एक. त्या काळच्या कागदांत मुमताजला नाचणारी, नादी लावणारी, पळपुटी काय काय म्हटलंय. तुमच्या मुलीला ते वाचताना राग आला तर येऊ द्या. रागात ती चांगली रेघ मारेल असा माझा अनुभव आहे.

संदर्भासाठी सुट्टीत तिला दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात घेऊन जा, किंवा फोर्टातल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात. काय बघायला मिळेल, लहान मुलीला आत बसू देतील का, हे आधी फोन करून विचारा. डोंबिवलीहून दादर तुमच्या हातचं आहे. सोबत डबा न्या. जुनी वर्तमानपत्रं चाळताना भूक फार लागते आणि मुलं खुनाची बातमी शोधता शोधता धान्याचे भाव आणि केसांच्या तेलाच्या जाहिराती वाचत बसतात. बसू द्या. त्या मोटारीच्या चौकटीमागची मुंबई तिला तिथेच मिळेल.

वर्गशिक्षिकेला भेटायला जाल तेव्हा वही नेऊ नका, लिंकनचं पुस्तक न्या. त्या इतिहास शिकवत असतील तर बरंच. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा 1865 मधला खून पाठ्यपुस्तकात आला की तो इतिहास, आणि चित्रांच्या पुस्तकात आला की प्रॉब्लेम, हे त्यांना न बोलता दाखवता येईल. त्यांनी विचारलं ते काळजीपोटीच विचारलं, तेव्हा सूर गोड ठेवा.

तुमच्या यजमानांना सांगा, वय जाईल हे खरं, पण हात जाऊ देऊ नका. मुलीला बऱ्यापैकी शाईचे पेन आणि जाड कागदाची वही घेऊन द्या. बॉलपेनने अशा बारीक रेघा फुटतात.

आणि तो दोर. त्या पानावर तुम्ही काही करू नका, फाडू नका, दुमडू नका. बावलाचं काम सुरू झाल्यावर पंधराएक दिवसांनी तीच एकदा वही उलटी चाळेल.

तुमची,
ताई

ता. क. भाऊ पुढच्या वेळी येताना रिपरवरचं आणखी एक ग्राफिक नॉव्हेल आणेल, जाडजूड, अ‍ॅलन मूर आणि एडी कँपबेल यांचं. गाजलेलं आहे, दुकानात समोर असतं. पुस्तक थोर आहे, पण ते मोठ्यांसाठीच केलेलं आहे आणि त्यातलं एक प्रकरण मला स्वतःला दोनदा मिटून ठेवावं लागलं होतं. ते आलं तर खुशाल माळ्यावर टाका. सासूबाईंच्या हातानेच.